'नॉर्म' आणि 'स्टँडर्ड': दोन्हींना मानकच म्हणायचं?

नौपाडा_अनुवाद
नमस्कार. आरोग्यसेविकांच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'नॉर्म' आणि 'स्टँडर्ड' एकाच पानावर येतात आणि आधीच्या मसुद्यात दोन्हीकडे 'मानक' लिहिलंय. मला पटत नाही. 'प्रमाण' लिहावं का? तुमच्या कामात काय म्हणता?

घणसोलीकर
ताई, मी रबाळे एमआयडीसीत काँक्रीट तपासतो, १४ वर्षं झाली. एम-२५ ही काँक्रीटची प्रत. म्हणजे त्याचा १५० मिमीचा क्यूब २८ दिवसांनी मशीनखाली दाबला की चौरस मिमीला २५ न्यूटन भरले पाहिजेत. अख्ख्या क्यूबवर साधारण ५६२ किलोन्यूटन. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय नियमावलीत लिहिलंय, ते मानक. शंभरात फार तर पाच निकाल खाली जातील हे त्यातच धरलेलं आहे.

एकदा एका साइटचे तीन क्यूब आले. पहिला ४६० किलोन्यूटनलाच तडकला, कडेचे टवके उडाले, आकडा तिथेच थांबला. उरलेले दोन्हीही तसेच. साइटवरचा माणूस म्हणाला, "अहो, या पट्ट्यात सगळ्यांचं असंच येतं." येतही असेल. पण सगळ्यांचं येतं तो प्रघात. त्याने इमारत उभी राहत नाही. मी रिपोर्टवर चौरस मिमीला २०.४ न्यूटनच लिहिलं.

'प्रमाण' नकोच. आमच्याकडे प्रमाण म्हणजे सिमेंट, रेती, खडी, १:२:४.

दिघा_अंगणवाडी
दादांचं अगदी बरोबर. आमचा बाळांच्या वजनाचा तक्ता डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर आहे. त्यासाठी भारतासह सहा देशांतली बाळं मोजली, पण मुद्दाम आईच्या दुधावरची, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या आयांची. म्हणजे मुलं कशी वाढतात ते नाही, नीट मिळालं तर कशी वाढायला हवीत ते. त्याआधीचा १९७७ चा तक्ता अमेरिकेतली मुलं कशी वाढली तेवढंच सांगायचा. गेल्या महिन्यात एका बाळाचं वजन तक्त्यावरच्या लाल पट्ट्यात गेलं, तर आजी म्हणाली, "आमच्यात सगळी बारीकच असतात." त्या साइटवाल्यासारखंच ना? मी तिला तक्ता खिडकीशी नेऊन दाखवला, सुनेला आहार लिहून दिला आणि पुढच्या आठवड्यात परत वजन करायला बोलावलं.

नौपाडा_अनुवाद
दोघांचे मनापासून आभार. स्टँडर्डला 'मानक' ठेवते. नॉर्मला आकडे असतील तिथे 'सर्वसाधारण पातळी', वागण्याबद्दल असेल तिथे 'प्रघात'. 'रूढी' लिहिणार होते, पण बाळाला पहिलं दूध न देण्याबद्दलच्या परिच्छेदात तो शब्द वाचून सेविका आयांना दोष देतील असं वाटलं. ताई, तुमच्या वस्तीत बायका त्याला काय म्हणतात? 'रीत' चालेल का?

दिघा_अंगणवाडी
रीतच म्हणतात. तोच लिहा.