केनियातल्या मारा नदीच्या काठावरचा महागडा तंबू: काठ कुणाचा?

चंद्रपूरकर_७१
कालच्या धाग्यात एका सदस्याने ठणकावून लिहिलंय, "मारा नदीकाठच्या लक्झरी कॅम्पात राहिल्याशिवाय मसाई मारा पाहिला म्हणू नका. गेटबाहेरच्या तलेक गावच्या साध्या लॉजवर राहणं म्हणजे पैसे पाण्यात." हे फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही २०२३च्या ऑगस्टमध्ये तलेकच्याच लॉजवर राहिलो. रोज पहाटे निघून नदी गाठायचो. चार तास उन्हात थांबल्यावर स्थलांतर करणाऱ्या विल्डबीस्टांच्या (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांच्या) कळपाने नदीत उड्या घेतल्या. तंबूवाल्यांना वेगळी नदी दिसली का?

शिवाय पाणघोडा रात्री काठ चढून चरायला येतो, त्याची वाट ठरलेली असते. तिथेच लाकडी डेक ठोकून आपण निवांत कॉफी प्यायची? २०२५ला माराला मिळणाऱ्या सँड नदीवर तंबूगणिक पोहण्याचा हौद असलेला कॅम्प उघडला. स्थलांतराची वाट अडते म्हणून तिथल्या मसाई जमातीतल्या एका गृहस्थांना नारोकच्या कोर्टात जावं लागलं. ताडोब्यात आम्ही हेच भोगतोय.

मृदुला_प
काका, तो डेक मी पाहिलाय. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आम्ही तीन रात्री राहिलो, पाच वर्षं पैसे साठवून. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. जेवायला जायचं तर टॉर्चचा झोत पाडायचा, मग लाल शुका (मसाई चादर) पांघरलेला राखणदार भाला घेऊन न्यायला यायचा. पहाटे पायरीपासून दोन हातांवर चिखलात चार बोटांचा ताटाएवढा ठसा होता. पाणघोडा आमच्या तंबूला वळसा घालून गेला होता. म्हणजे वाट चालू होती ना?

आणि आमचा कॅम्प सरकारी रिझर्व्हच्या बाहेर, कॉन्झर्व्हन्सीत (खासगी राखीव रानात) होता. जमीन मसाई कुटुंबांची, त्यांना दरमहा भाडं मिळतं. ते थांबलं तर उद्या कुंपणं येतील.

नैरोबीकर
एकोणीस वर्षं इथे आहे, दोघांनाही सांगतो.

काका, २०२४पासून जुलै ते डिसेंबर रिझर्व्हची फी परदेशी माणसाला १२ तासांना २०० डॉलर आहे. स्वस्त लॉज घ्या नाहीतर महाग, गेटवर सगळे सारखेच. सँड नदीबद्दल वन्यजीव खात्याचं म्हणणं होतं की ती स्थलांतराची वाट नाहीच. तेही लिहायला हवं होतं.

ताई, नदी नेहमी वळसा घालून जात नाही. १ मे २०२४ला तलेक नदी रात्रीत चढली, कॅम्प पाण्याखाली गेले, पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. मारा नदीचंही तेच, तिच्या उगमाकडे माऊचं जंगल तुटलंय, पाणी धरणार कोण? अगदी काठाला चिकटून तंबू नकोच.

जिप्सी_मागची_सीट
ताडोब्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. चंद्रपूरकर, तुमच्याकडे तरी वेगळं काय? ३१ डिसेंबर २०२४ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि पिल्लांना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी कोंडलं. हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत लक्झरीवाले नव्हते, आपलेच लोक होते.

चंद्रपूरकर_७१
ताडोब्याबद्दल मला शिकवू नका. ताडोब्याच्या जंगलातलं जामणी, नवेगाव उठवलं तेव्हा माझे मामेसासरे उठवलेल्यांत होते. वाघासाठी गाव हलवलं आणि बफरमध्ये (जंगलाभोवतीच्या पट्ट्यात) रिसॉर्टं उभी राहिली. जिप्सीची सीट मिळवायला आमच्याच पोरांना पुण्या-मुंबईच्या बुकिंगशी झगडावं लागतं.

जिप्सी_मागची_सीट
मग राग रिसॉर्टवर काढा, मृदुलाताईंच्या तीन रात्रींवर का?

मृदुला_प
तेच म्हणते. पाच वर्षं साठवलेल्या पैशांचा हिशेब मी कुणाला द्यायचा? आणि काका, उठवलेल्या गावाचं दुःख तुम्ही जाणता, तर मसाई माणसाला जमीन न सोडता भाडं मिळतंय हे तुम्हाला का टोचतं?

चंद्रपूरकर_७१
टोचत नाही. जामणीच्या माणसाला जमीन राखून भाडं मिळालं असतं तर मीच पेढे वाटले असते. कॉन्झर्व्हन्सीचं मान्य करतो, तेवढंच. रिझर्व्हच्या आतल्या काठावर नवा डेक नको, यावरून हलणार नाही. आणि तलेकच्या लॉजवाल्यांना हिणवणाऱ्याने अजून तोंड उघडलेलं नाही.

नैरोबीकर
आतल्या काठाबद्दल तुमच्या बाजूने. पण नदी ओलांडताना गाड्यांची भिंत कोण उभी करतं, तेही बोला. मी एकदा पन्नासेक गाड्या मोजल्या. कळप काठावर आला, उतरायला वाट नव्हती, परत फिरला. सगळ्यांत पुढची गाडी कॅम्पाची होती, दुसरी तलेकच्या लॉजची.

चंद्रपूरकर_७१
आमच्या ड्रायव्हरनेही गाडी पुढे घातली होती. मुलगी "मागे घ्या" म्हणत होती. मी गप्प बसलो.