तारा बदलल्या आणि गिटार खरखरायला लागली: सॅडल उचलणं हा उपाय नव्हे

रंकाळा रिदम
गेल्या रविवारी माझ्या स्ट्रॅट घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा बदलल्या. दहाचा सेट (१०-४६, म्हणजे तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) होता, बेंड करताना (तार आडवी ओढताना) बोटं सोलून निघायची म्हणून नऊचा (९-४२) घातला. ट्यून करून जाड ई (सगळ्यात जाड तार) वाजवली, तर पहिल्यापासून पाचव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) नुसती खरखर. त्याआधी वर्षभर तक्रार नव्हती. दुकानात नेली. तिथं मानेकडं एकदाही न बघता ॲलन की घेऊन सहाच्या सहा सॅडल (ब्रिजवर तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) वर केली. घरी येऊन बघतो तर तार इतकी उंच की बार कॉर्ड धरताना (एका बोटानं सगळ्या तारा दाबताना) मनगट भरून येतंय, आणि दुसऱ्या फ्रेटची खरखर तिथंच.

माझं म्हणणं एवढंच: तारा बदलल्यावर खरखर आली तर सॅडलला हात सगळ्यात शेवटी लावा. फ्रेट काही एका रात्रीत झिजत नाहीत. बदलला तो ताण. दहाऐवजी नऊचा सेट घातला की सहा तारांची मिळून सात-आठ किलोची ओढ कमी होते. मानेतला ट्रस रॉड (आतली धातूची सळई) मात्र पूर्वीच्याच जोरानं मान मागं धरून असतो. मान सरळ होते, कधी उलटी झुकते, आणि सुरुवातीचे फ्रेट तारेला लागतात. आता हिशोब बघा. सॅडल १ मिमी उचललं तर मोकळी तार बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी वर येते, पहिल्या फ्रेटवर मात्र मिलिमीटरचा जेमतेम अठरावा भाग. दुखणं एकीकडं आणि लेप दुसरीकडं.

शाहूपुरी स्टेज
भावा, नाही पटलं. सॅडल उचलणं पाच मिनिटांचं काम, नाही जमलं तर परत खाली. ट्रस रॉडचं तसं नाही. माझ्या मित्रानं चुकीच्या मापाची की घालून जोर लावला, रॉडच्या नटाच्या आतल्या कडा गोल झाल्या, आता ती गिटार भिंतीला टांगलीय. तुझं वाचून पोरं रात्री अकराला रॉड पिळत बसतील, त्याचं काय? आणि गणपतीत उद्या संध्याकाळी ज्याचा कार्यक्रम आहे त्यानं मान मोजत बसायचं का? थोडी ॲक्शन (तारांची उंची) वाढवायची, वाजवायचं, सवडीनं पुण्याला जाणकाराकडं न्यायची. नाहीतर परत दहाचा सेट. ज्या तारांवर गिटार बसवलीय त्याच घालाव्यात.

रंकाळा रिदम
कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीचं तुझं बरोबर आहे, तेव्हा मीही हेच करीन. पण दर वेळी पुण्याचं भाडं परवडत नाही रे, आणि बोटं सोलतात म्हणून तर तारा बदलल्या. रॉड पिळा असं मी म्हणतच नाही, मोजा म्हणतोय. उद्यमनगरातून गाडीच्या टॅपेटसाठी वापरतात तो फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, जिथं मान बॉडीला मिळते तिथं जाड ई दाबली आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघितली. साधारण ०.२५ मिमी हवी. माझ्या गिटारीत सगळ्यात पातळ पातंसुद्धा जाईना, तार फ्रेटवर टेकलेली.

लेथवाला
मी उद्यमनगरात लेथवर असतो, पोरगा गिटार वाजवतो. तुम्ही दोघंही ब्रिज विसरलात. स्ट्रॅट म्हणजे ट्रेमोलो (दांड्यानं हलणारा ब्रिज) ना? तो तरंगता असेल तर एका बाजूला तारा ओढतात, दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगा. तारा हलक्या केल्या की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिजची प्लेट मागून खाली बसते आणि तिच्याबरोबर सगळी तार खाली येते. आधी मागचं झाकण काढा. क्लॉचे (स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे) लाकडात गेलेले दोन स्क्रू अर्धा-अर्धा आटा सैल करा, परत ट्यून करा, प्लेट बघा. मागच्या कडेखाली सुमारे ३ मिमी फट ठेवतात. हे न करता मान मोजली तर ते मोजणं अर्धवट. रिदम, तुमची चूक तिथं झाली.

मिरजेची तार
माझं म्हणणं या सगळ्यांच्या उलट आहे. खरखर म्हणजे लगेच दोष का? अँपमधून ऐकू येत नसेल तर सोडून द्यावी. आमच्याकडं तंबोऱ्याची जवारी काढायला कारागीर तासन् तास घोडीची (ब्रिजची) पाठ घासतो, कशासाठी? तारेनं तिला हलकं घासून जावं म्हणून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारागिरीला. अगदी स्वच्छ तार मला तरी मुकी वाटते.

रंकाळा रिदम
दादा, जवारीबद्दल आदर आहेच, पण ही तुलना मान्य नाही. जवारीत तार घोडीच्या उतारावर अलगद टेकत जाते, त्यानं सूर फुलतो, लांबतो. इथं तार फ्रेटच्या धातूवर आपटते आणि सूर मध्येच मरतो. जाड ई दुसऱ्या फ्रेटवर दाबून मोजलं: नीट असताना सूर सहज दहा सेकंद टिकायचा, आता तिसऱ्या सेकंदाला गप्प. हे अँपमध्येही कळतं.

लेथवाले काका, तुमचं मात्र खरं निघालं. झाकण काढलं तर प्लेट बॉडीला चिकटलेली. क्लॉ सैल करून, चारदा ट्यून करून ती वर आणली. मग दुकानात उचललेली सॅडल परत खाली घेतली. निम्मी खरखर गेली. उरलेल्यासाठी बरोबर मापाच्या कीनं रॉड पाव फेरा सैल केला, घड्याळाच्या उलट. परत ट्यून करून रात्रभर ठेवली. सकाळी फट ०.२ मिमी. जाड ई आता स्वच्छ आहे. एकच राहिलं, तिसरी तार मोकळी वाजवली की सतारीसारखी झणझणते. दाबली की नाही.

शाहूपुरी स्टेज
पाव फेऱ्यावर थांबलास हे बरं केलंस. तरी नवख्यानं हात लावू नये हे माझं कायम.

मिरजेची तार
मोकळीच झणझणते? मग ही खरंच जवारी आहे, नको त्या जागी झालेली. फ्रेट सोडा, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बघा. तारेनं खाचेची फ्रेटकडची कड पकडायला हवी आणि तिथून खुंट्यांकडं उतरत जायला हवं. खाच सपाट किंवा उलट्या उताराची असली की तार तिच्या तळावर नाचते. जुनी तार .०१७ इंचाची होती, आता .०१६ ची, म्हणून आत्ता कळलं. भिंगातून बघा, घासायची घाई नको, खाच खोल गेली तर भरावी लागेल. रविवारी मिरजेला येत असाल तर गिटार घेऊन या, माझ्याकडं बारीक कानशी आहेत.

रंकाळा रिदम
येतो. सकाळच्या पॅसेंजरनं.