जीबीएसनंतरची संथ सुधारणा : दादांची विनोदबुद्धी या टप्प्यात कशी टिकवावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझे थोरले बंधू साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. गेल्या पावसाळ्यात जुलाबांचे निमित्त झाले, आणि पोट बरे झाल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या पायांतली शक्ती गेली. पुढे हात, चेहरा आणि अखेरीस श्वासही आजाराच्या तावडीत सापडला. गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, असे निदान झाले. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे), व्हेंटिलेटर, गळ्यातली नळी या सगळ्यांतून ते सुखरूप बाहेर पडले असून आता घरी आहेत.

आयसीयूमध्ये बोलता येत नसताना वहिनी मुळाक्षरांचा तक्ता हातात धरून एकेका अक्षरावर बोट ठेवत आणि हवे ते अक्षर आले की दादा नजर वर करत. पापण्या नीट मिटत नसल्याने हीच खूण ठरली होती. अशा रीतीने त्यांनी जे पहिले पूर्ण वाक्य जुळवले ते होते, ‘मी गणिताचा, एवढे मराठी झेपत नाही.’ नळ्या लावलेल्या त्या खोलीत वहिनी आणि नर्स दोघीही खळखळून हसल्या. त्या वाक्याने आम्हा सर्वांना पुढचे कित्येक दिवस तारून नेले.

आता मात्र धोका टळला आहे आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, ते गप्प होत चालले आहेत. सकाळी वॉकर, दुपारी एका वाटीतल्या गोट्या दुसऱ्या वाटीत टाकणे, संध्याकाळी सदऱ्याची बटणे लावणे आणि काढणे, हाच क्रम दुसऱ्या दिवशी पुन्हा. भेटायला येणारे कमी झाले. चेहऱ्याचे स्नायू अजून पुरते सावरले नसल्यामुळे त्यांनी गमतीने काही म्हटले तरी समोरच्याला ते रागावल्यासारखे वाटते, आणि मग संभाषण तिथेच थांबते. आई म्हणते, त्यांना सतत हसवत ठेवा. वहिनींचे म्हणणे असे की, ज्याचे दुखणे त्यालाच ठरवू द्या. या टप्प्यातून गेलेल्यांनी किंवा अशा रुग्णांसोबत काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : उंबरठा

मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट आहे. दादांना तपासलेले नसल्यामुळे जे सर्वसाधारणपणे लागू पडते तेवढेच लिहिते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. वायरीवरच्या प्लास्टिकसारखे जे मायलिनचे आवरण असते तेवढ्यालाच इजा झाली असेल, तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होते. आतला तंतू दुखावला असेल तर मात्र तो नव्याने वाढावा लागतो आणि त्याची गती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर असते. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पाऊल सर्वांत शेवटी का उचलले जाते हे लक्षात येईल. दहांपैकी सुमारे आठ रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, परंतु ज्यांना व्हेंटिलेटर लागला त्यांना बहुधा अधिक काळ लागतो. दादा गणिताचे शिक्षक आहेत, तेव्हा हा हिशेब त्यांच्यापुढे स्पष्टपणे मांडा. आपण कमी पडत आहोत म्हणून सुधारणा दिसत नाही, ही खंत मनातून गेली की माणूस थोडा मोकळा होतो आणि विनोदाला मुळात जागा लागते ती हीच.

माझ्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर येत असत. पाय उचलून दहा अंक मोजायचे असत, आणि नवापर्यंत आल्यावर ते ‘सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा’ असे मोजत. हे त्यांनी स्वतः सुरू केले होते, मी सुचवले नव्हते. त्या पाव-पाव आकड्यांमध्ये पाय खरोखर थोडा अधिक वेळ वर राहत असे, आणि शेजारच्या खाटेवरचे रुग्णही त्यांच्या सुरात सूर मिसळत. व्यायाम तोच होता, त्याचा कंटाळवाणेपणा मात्र त्यांनी आपल्या हातात घेतला होता.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. या आजारातला थकवा दीर्घकाळ टिकतो आणि तो आळस नसतो. व्यायामाने दुसऱ्या दिवशी अशक्तपणा वाढलेला जाणवला तर प्रमाण कमी करावे. हसण्यालाही छातीचा भाता आणि श्वासपटल लागते, त्यामुळे दमलेल्या माणसाला हसवत ठेवण्याचा आग्रह धरू नये. या बाबतीत मी वहिनींच्या बाजूने आहे.

प्रतिसाद २ : किरकटवाडीकर

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसची साथ आली आणि दूषित पाण्यावर संशय गेला. त्या रुग्णांपैकी मी एक. आज मी आधाराशिवाय चालतो, जिना मात्र अजून कठडा धरूनच चढतो.

माझा अनुभव असा की, विनोद कोणाकडून येतो यावर सारे अवलंबून असते. ‘मजा आहे बुवा, बसून खायचे!’ असे म्हणणाऱ्या पाहुण्यांचा हेतू वाईट नसे, पण ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहत असे. याउलट माझ्या वॉकरचे नाव मी ‘पुष्पक’ ठेवले, तेव्हा घरातल्यांनी ते नाव तत्काळ आपलेसे केले. पत्नी विचारायची, ‘पुष्पक दारात लावू का?’ मुलगी पायातल्या स्प्लिंटना चिलखत म्हणू लागली आणि रोज सकाळी ती पट्टे आवळून देताना स्वारीची दिशा विचारायची. स्वारी बहुधा संडासापर्यंतच असायची, परंतु तेवढे अंतर पार करण्याला एक नाव मिळाले होते आणि त्यामुळे ‘आज नको’ म्हणण्याची वेळ कमी आली. आम्ही हसलो ते वॉकरवर आणि आजारावर. माझ्या पडण्यावर, थरथरणाऱ्या हातावर घरातले कोणीही हसले नाही.

चेहऱ्याबद्दल खास सांगावेसे वाटते, कारण माझ्याही चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडल्या होत्या. हसू आतून फुटते आणि ओठांपर्यंत पोहोचतच नाही, हा एकटेपणा बाहेरून कोणाला कळत नाही. आम्ही एक खूण ठरवली : गंमत करत असलो की मी उजव्या हाताची बोटे उशीवर दोनदा आपटायचो. दादांनाही अशी एखादी खूण ठरवता येईल. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगून ठेवावे की, चेहरा स्थिर दिसला तरी ते नाराज नाहीत. एवढ्याने माझी निम्मी संभाषणे वाचली.

प्रतिसाद ३ : पानोपानी

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, वाचक आहे. अमेरिकी कादंबरीकार जोसेफ हेलर यांना डिसेंबर १९८१मध्ये हाच आजार झाला होता. त्या अनुभवावर त्यांनी १९८६मध्ये पुस्तक लिहिले, पण एकट्याने नव्हे. आजारपणात त्यांचे घर आणि व्यवहार सांभाळणारे मित्र स्पीड व्होगेल हे सहलेखक होते आणि प्रकरणे आलटून पालटून दोघांनी लिहिली. ज्या काळात रुग्णाला विनोद सुचत नव्हता त्या काळाचा विनोद मित्राने जपून ठेवला, असे मला ते वाचताना वाटले. दादांचे शाळेतले सहकारी अशी जबाबदारी घेऊ शकतील का? स्टाफरूममधल्या गमती रोज पाच मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये पाठवल्या तरी चालेल. उत्तर देण्याची सक्ती असू नये.

हसण्याने आजार बरा होतो, असे सांगणारे भेटतील. अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांनी १९७६मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते की, विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे मनसोक्त हसल्यावर त्यांना दोन तास वेदनेविना झोप लागत असे. हा एका माणसाचा अनुभव आहे, आजारही वेगळा. त्याचा आदर करावा, पण दादांवर ‘हसलात तर बरे व्हाल’ असे ओझे टाकू नये. तसे झाले तर न हसण्याचाही दोष त्यांच्याच माथी येईल.

आणखी एक. गप्प राहण्यासोबत झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, ‘आता कशाला’ अशी भाषा येत असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. महिन्याला ३ सेंटिमीटरचा हिशेब वहिनींनी दादांना वाचून दाखवला. त्यांनी लगेच वही मागवली आणि वाकड्यातिकड्या आकड्यांत कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे त्रैराशिक मांडले. आलेले उत्तर पाहून ते म्हणाले, ‘अंगठ्याची बोर्डाची परीक्षा हुकणार, त्याला फेरपरीक्षेला बसवू.’ आईला ते आवडले नाही, वहिनींना फार आवडले.

झोप आणि जेवण ठीक आहे. खुणेचेही ठरले असून शाळेतल्या एका सरांना मेसेजबद्दल विचारले आहे. उंबरठाताई, एकच विचारते : जूनमध्ये वर्गावर जाण्याची त्यांची इच्छा आहे. ती धरावी का?

उंबरठा

इच्छा जरूर धरावी, तारीख मात्र त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी. सुरुवात दिवसाला एका तासिकेने, तीही बसून करावी आणि पुढची तासिका मोकळी ठेवावी, कारण खांद्याच्या वर हात नेऊन फळ्यावर लिहिणे आणि मोठ्या आवाजात बोलणे या दोन्हींनी लवकर थकवा येतो. एखाद्या विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे करून त्याच्याकडून लिहून घ्यावे. वर्ग तळमजल्यावर मिळेल का, हे मुख्याध्यापकांना आताच विचारून ठेवा.