डाव्या क्रँकमधील पेडलचे आटे गेले आहेत : दुरुस्ती करावी की क्रँक बदलावी?

प्रश्न : राजेंद्रनगर_इंदूर

नमस्कार. माझा मुलगा राजेंद्र नगरहून खंडवा रोडवरच्या विद्यापीठात रोज गिअरच्या सायकलने जातो. काही दिवसांपासून डाव्या पेडलमधून कटकट आवाज येत होता आणि काल भंवरकुआं चौकाजवळ ते पेडल क्रँकमधून (पेडल ज्या दांड्यावर बसते त्यातून) निखळून पडले. पेडलच्या आसावरचे आटे शाबूत दिसतात, मात्र त्यांच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियमचा बारीक कीस भरलेला आहे. क्रँकच्या भोकात बाहेरच्या बाजूचे आटे जवळजवळ सपाट झाले आहेत, तर आतल्या, म्हणजे फ्रेमकडच्या बाजूचे थोडेफार दिसतात.

एका दुकानात भोक वेल्डिंगने भरून नवे आटे पाडून देऊ असे सांगितले. दुसऱ्या दुकानात दोन्ही क्रँक, चेनव्हील (चेन फिरवणारे दातेरी चाक) आणि मधला एक्सल असा संपूर्ण संच बदलावा लागेल असे सांगितले. खर्च करायला माझी ना नाही. परंतु भर रहदारीत पेडल पुन्हा निखळता कामा नये. काय करणे योग्य ठरेल?

उत्तर : जुना_सायकलस्वार

ताई, या दोन्हींपैकी कोणताही सल्ला लगेच मान्य करू नका. आधी क्रँकला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर क्रँक पोलादी आहे आणि वेल्डिंगचा विचार निदान करता तरी येतो. चिकटला नाही तर ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, आणि मग वेल्डिंग करू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमच्या चांगल्या क्रँकला उष्णतेची प्रक्रिया करून कणखरपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने नेमका भोकाभोवतीचा भाग मऊ पडतो, आणि चढावर उभे राहून पेडल मारताना सगळा भार तिथेच येतो. असा जोड मोडतो तेव्हा आधी सूचना देत नाही.

दुसरे असे की पेडलचा आस क्रँकमध्ये बाहेरून शिरतो, त्यामुळे पेडल तिरके बसवले गेले असेल तर आधी बाहेरचे आटे खराब होतात आणि आतले पुष्कळदा वाचतात. क्रँक काढून घ्या, भोक ब्रशने स्वच्छ करा आणि तेच पेडल मागच्या बाजूने, तेलाचे दोन थेंब सोडून, हाताने फिरवून पाहा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने बसते, आणि मागच्या बाजूनेही दिशा तीच राहते. आस सरळ शिरत असेल तर त्याच वाटेने डावा टॅप (उलटे आटे पाडण्याचे हत्यार) घालून उरलेले आटे साफ करून घेता येतात. तीन तुकड्यांच्या, म्हणजे दोन क्रँक आणि मधला एक्सल वेगळे असलेल्या क्रँकचे माप ९/१६ इंच आणि इंचाला २० आटे असे असते. लहान मुलांच्या काही सायकलींत अखंड वाकवलेली एकाच तुकड्याची क्रँक असते, तिचे माप १/२ इंच असते. त्या मापाचा टॅप इथे उपयोगाचा नाही. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवावा, म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी थोडे घासलेट टाकले तरी काम स्वच्छ होते.

मात्र टॅपने गेलेली धातू परत येत नाही. साफ केल्यावर भोकाच्या निम्म्याहून अधिक खोलीत पूर्ण उंचीचे आटे उरत नसतील, तर त्या क्रँकवर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : लेथकाम_सांवेररोड

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. एका पर्यायाची भर घालतो. क्रँक किमती असेल, किंवा तशी जोडीची क्रँक बाजारात मिळत नसेल, तर भोक मोठे करून पोलादी बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली छोटी नळी, बसवता येतो. बुशचा बाहेरचा व्यास साधारण १६ मिमी ठेवतात आणि आत ९/१६ इंचाचे उलटे आटे पाडतात. बाहेरचे आटेही डाव्या बाजूसाठी उलटेच ठेवावेत. बुशला फ्रेमकडच्या बाजूला पातळ कॉलर असावी, कारण पेडल घट्ट करताना आस बुशला बाहेरच्या दिशेने ओढतो आणि ती ओढ कॉलर अडवते. कॉलर जाड झाली तर ती फ्रेमच्या मागच्या नळीला घासण्याचा संभव असतो, म्हणून आधी जागा मोजून घ्यावी. भोक क्रँकला अगदी काटकोनात पडले पाहिजे. हातातल्या ड्रिलने ते कधीच नीट पडत नाही, आणि तिरक्या आसाचे पेडल गुडघा दुखवते. भोकाभोवती केसाएवढी जरी चीर दिसली, तरी बुशचा विचार सोडून द्यावा.

उत्तर : रामबाग_सायकल

उजव्या क्रँकला चेनव्हील जोडलेले असते, म्हणून तिचे आटे गेले तर बहुधा चेनव्हीलसकट बदलावी लागते. आपली डावी आहे. कॉटरलेस प्रकारची, म्हणजे खिळीऐवजी बोल्टने बसणारी, डावी क्रँक सुटी मिळते, त्यामुळे संपूर्ण संच घेण्याचे कारण दिसत नाही. नवी घेताना लांबी जुळली पाहिजे. ती क्रँकच्या मागे १६५, १७० किंवा १७५ (मिमी) अशी कोरलेली असते. एक्सलचे टोक चौकोनी आहे की दातेरी, हेही पाहावे. चौकोनी असेल तर जुनी क्रँक पुलर (क्रँक ओढून काढण्याचे हत्यार) लावूनच काढावी. पुलर आट्यांत पूर्ण बसवल्याशिवाय ताण देऊ नये, नाहीतर तेही आटे निघून येतात.

राजेंद्रनगर_इंदूर

सर्वांची मनापासून आभारी आहे. लोहचुंबक चिकटला नाही. पुलरने क्रँक काढल्यावर मागे १७० कोरलेले दिसले आणि एक्सलचे टोक चौकोनी निघाले. मागून पेडल थोडे सरळ शिरले, पण नंतर सैल होऊन डुलू लागले. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर मधले आटेही चपटे झालेले होते. त्यामुळे सुटी डावी क्रँक घेण्याचे ठरवले आहे. जुनेच पेडल वापरले तर चालेल का?

जुना_सायकलस्वार

चालेल, परंतु खाचांतला सगळा कीस तारेच्या ब्रशने काढा आणि टोकाकडचा पहिला आटा दबलेला नाही याची खात्री करा, कारण तोच आटा नवे भोक बिघडवतो. आसाला ग्रीस लावून पेडल आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवा. बोटांनी जात नसेल तर पाना न लावता काढून पुन्हा सरळ धरा. मग पान्याने ३५ ते ४० न्यूटन मीटरपर्यंत आवळा. पान्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे नेले की दोन्ही बाजूंची पेडले घट्ट होतात, हे चिरंजीवांनाही सांगून ठेवा. क्रँकचा मधला बोल्टही साधारण तेवढाच आवळायचा असतो. हातोडीने ठोकून क्रँक बसवू देऊ नका, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर पेडल व बोल्ट दोन्ही पाना लावून तपासा. पुन्हा कटकट ऐकू आली तर सायकल त्याच क्षणी थांबवायची, कारण सैल आस प्रत्येक फेऱ्यात अ‍ॅल्युमिनियम खरवडत असतो.