जाण्याआधीचे दोन महिने: माझी भर

बरेच जण सुचवतात की अमेरिकेत एमएसला (पदव्युत्तर शिक्षणाला) जाण्याआधीची सुट्टी पुढच्या अभ्यासक्रमाच्या तयारीत घालवावी. माझं मत अगदी उलटं. मी २०१८ साली चिपळूणहून गेले. मे महिनाभर आंबे, फणसाचे गरे आणि गोडा मसाला करणाऱ्या आजीच्या मागे वही घेऊन फिरणं, एवढंच केलं. ती म्हणायची, "अंदाजानं घालायचं गं", आणि मी तिची धण्यांची मूठ काट्यावर तोलायचे! ती वही अजून वापरते. अभ्यासाचं म्हणाल, तर तो तिथे गेल्यावर करावाच लागला.

लवकर निघायची घाईही नको. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आय-२० वर (विद्यापीठाकडून मिळणाऱ्या प्रवेशपत्रावर) अभ्यासक्रम सुरू होण्याची जी तारीख असते, तिच्या फार तर ३० दिवस आधी अमेरिकेत प्रवेश मिळतो. जुलैत मात्र दात दाखवून घ्या (तिकडे तो खर्च भयंकर), चष्म्याची दुसरी जोडी करा.

बॅगेत कुकर नेला, शिट्टी घरीच राहिली. २३ किलोंच्या वर जाऊ नये म्हणून बाबा रात्री दहादा वजन करत होते. बोलत मात्र काहीच नव्हते.