'इंडेंटेशन'ला मराठीत काय म्हणावं?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर मराठीत टिपण लिहितोय. 'इंडेंटेशन'साठी (म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जागा सोडण्यासाठी) एकाने 'समास' सुचवला, पण मनाला पटत नाही. दुसरं काही आहे का?

– समास नकोच. समास म्हणजे पानाच्या कडेची कोरी पट्टी, सगळ्या ओळींना सारखी. इथे ओळीगणिक अंतर बदलतं. शिवाय व्याकरणातला समास आडवा येणार. मूळ शब्दात लॅटिनमधला 'दात' आहे, मग 'दंतुरण' कसं वाटतं?

– दंतुरण वाचून दाढ ठणकली! क्रियापद तर आपल्याकडे आहेच की: ओळ आत घेणे. 'परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्या' असं आपण म्हणतोच. नाम हवं असेल तर मी 'पायरी' म्हणेन, आणि ते नुसतं कानाला बरं वाटतं म्हणून नव्हे. पायथन प्रत्येक पातळीचं अंतर आकड्यात लक्षात ठेवतो, समजा ०, ४, ८. आठवरची ओळ संपल्यावर पुढची ओळ चारवर येऊ शकते किंवा थेट शून्यावर, म्हणजे दोन पायऱ्या एकदम. पण सहावर आली की चूक दाखवतो, कारण तिथे पायरीच नाही. 'आत घेणे'मधून हे कळत नाही.

– पायरी पातळीला ठीक, पण सी भाषेतही तोच शब्द वापरायचा? तिथे कोणत्या ओळी एका गटात हे महिरपी कंस ठरवतात, आत घेतलेली ओळ फक्त डोळ्यांसाठी. २०१४ मध्ये ॲपलच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ('फेल'कडे उडी मार असं सांगणारी) ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरीही तेवढीच आत, त्यामुळे अटीखालची वाटायची. कंस नव्हते, म्हणून ती दर वेळी चालायची आणि पुढची डिजिटल सहीची तपासणीच टळायची.

– म्हणूनच दोन शब्द हवेत. सी मध्ये ती 'मांडणी', पायथनमध्ये 'पायरी'. ओळ किती आत आहे यावरून गट ठरवण्याच्या नियमाला संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये फुटबॉलमधलं 'ऑफसाइड' हे नाव दिलं. ते मात्र तसंच राहू द्या.

– आभार. आता वाक्य असं झालंय: 'अट लिहिली की पुढच्या ओळी एक पायरी आत घ्या. पायरी चार स्पेसची ठेवा. टॅब मिसळू नका.' 'डीडेंट'ला (ओळ परत बाहेर आणण्याला) 'पायरी बाहेर' लिहू की 'पायरी उतरणे'?

– बाहेर. उतरणे म्हटलं की डोळा खालच्या ओळीकडे जातो.