अनुभव धागा : लेकरं, गाणी आणि यमकं

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसोबत तुम्ही काय गाता, कसं गाता, त्यातून मूल काय शिकलं, ते लिहा. नागपूरकरांनो, भुलाबाईची गाणी आणि झडत्या (पोळ्याला म्हणायची यमकं) यायलाच हव्यात.

आजी, महाल
मी भुलाबाईचं सांगते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे रोज संध्याकाळी गाणी. नात साडेतीन वर्षांची. ह्या गाण्यांत कडवं तेच राहते, माणूस तेवढा बदलते: सासू झाली की सासरा, मग दीर, मग नणंद. थोड्या दिवसांत पोट्टी पुढचं नातं आधीच ओरडून मोकळी! शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवायचा अन् आवाज ऐकायचा. गोड की तिखट? कोरडं की ओलं? खाऊच्या लोभानं इतके प्रश्न विचारते, की फुटाणे अन् मुरमुऱ्यांचा आवाज तिला डोळे मिटून कळते. अन् पोरांनाही बसवा बरं, मुलींचं म्हणून हाकलू नका.

आई, मनीषनगर
ओळीचा शेवटचा शब्द मी गिळते आणि वाट पाहते. बोलायचा मोह आवरणं कठीण, पण शब्द मुलगा भरतोच.

अंगणवाडी सेविका
माझ्याकडच्या बऱ्याच मुलांच्या घरी हिंदी, काहींच्या छत्तीसगढी. त्यांना मराठी हातवाऱ्यांच्या गाण्यांतूनच येते. शब्दांवर टाळ्याही वाजवतो: आ-जी दोन, आ-जो-बा तीन. शब्दाचे तुकडे कानाला कळले, की पुढे वाचताना अक्षरं जुळवणं सोपं जातं. लय हळू ठेवा. मोबाइलवरची गाणी एवढी पळतात, की मूल तोंड उघडेपर्यंत दुसरं कडवं! तसंही जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको.

बाबा, प्रतापनगर
तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, पोरगा लाकडी नंदी घेऊन निघाला. मोठ्या पोरांच्या झडत्या ऐकून यानं स्वतःची ठोकली:
माझा नंदी खातो पोहे,
तर्री पाहून म्हणतो ओहे!
'ओहे' म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. पण पोहेला ओहे जुळतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दारोदार तीच झडती, वर 'हर हर महादेव'. खाऊही भरपूर मिळाला.

वाचा-उपचारतज्ज्ञ
एक भर घालते. गाणी म्हणा, पण 'उशिरा बोलेल, याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणून थांबू नका. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. ही तपासणी नवजात बाळाचीही होते. आणि सूर लागत नाही म्हणून लाजू नका. बाळाला ओळखीचा आवाज हवा असतो.

आई, मनीषनगर
आजी, खिरापतीचा खेळ आजच करते. झडत्या कोणाला पाठ असतील तर लिहा ना, आमच्याकडे कोणालाच येत नाहीत.